घरी शिकवतेय, ६३ फ्री साइट्स जमल्यात, तरी मुलगी म्हणते एक चतुर्थांश मोठा!

एका आईचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. मुलगी १० वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. सात महिन्यांपूर्वी दोघांना शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरलं, म्हणजे आईने ठरवलं आणि बाबा "बघ बाई" म्हणाले. पैसे भरून कोर्स घ्यायचा नाही, फ्री साइट्सवर भागवायचं, हे पहिल्यापासूनच पक्कं होतं. आता ब्राउझरमध्ये ६३ बुकमार्क जमलेत, रोज रात्री मुलं झोपली की दीड-दोन तास उद्याचे व्हिडिओ शोधण्यात जातात, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी व्हिडिओ लावते, "झालं" म्हणते, पुढचा लावते. अपूर्णांकांचे ११ व्हिडिओ बघून झाल्यावर आईने सहज विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? तर म्हणाली एक चतुर्थांश, कारण तीनपेक्षा चार मोठे. मुलाने एकदा विचारलं की चंद्र दिवसा कसा काय दिसतो, आई ४० मिनिटं चांगला व्हिडिओ शोधत बसली, तोवर तो खेळायला पळाला होता. नवऱ्याचं म्हणणं, फुकट मिळतं ते फुकटाच्याच लायकीचं, एक पैसे भरून कोर्स घे आणि सुट. सासूबाई म्हणतात शाळेतून काढून कॉम्प्युटरला बांधलंस. शिवाय साइट्स बहुतेक इंग्रजीत, मुलं आत्तापर्यंत मराठीत शिकलेली. शेवटी लिहिलंय, "प्रत्येक विषयाची एकेक सगळ्यात चांगली फ्री साइट सांगा, म्हणजे वेळापत्रक लावून मी मोकळी होते."

ताई, साइट्स सांगते, अगदी नावं घेऊन सांगते, पण ते "मोकळी होते" आहे ना, तिथेच सगळी गोची आहे असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. तुम्ही मोकळ्या होणार नाही. म्हणजे रात्रीच्या त्या दोन तासांतून नक्की व्हाल, त्याचं बघू, पण साइट शिकवेल आणि मी शेजारी भाजी निवडत बसेन असं वाटत असेल तर तसं होत नाही, निदान १० आणि ७ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तरी नाहीच. मी माझ्या भाचीला दोन वर्षं घरी शिकवलंय आणि पहिले चार महिने हाच घोळ घातलाय, त्यामुळे वरून बोलत नाहीये.

साइट म्हणजे लायब्ररी आहे असं धरून चला. लायब्ररीत मुलाला सोडून आलो आणि संध्याकाळी विचारलं काय शिकलास, असं आपण करत नाही ना. आणि लायब्ररीत ६३ कपाटं आहेत म्हणून रोज सगळी उघडतही नाही. या ज्या "२०० बेस्ट फ्री साइट्स" टाइप याद्या फिरत असतात त्या करणाऱ्याने त्यातल्या दहा साइट्ससमोर तरी एखादं मूल बसवून बघितलंय का, मला शंका आहे. यादी लांब असली की आपल्याला काहीतरी हाताशी आहे असं वाटतं एवढंच. तुमचे ६३ बुकमार्क डिलीट करू नका, मन होणार नाही, मला माहितीये. "नंतर" नावाचं एक फोल्डर करा आणि सगळे त्यात ढकला. रोजच्या वापरात चार-पाच राहू देत, बस.

आता अपूर्णांक. तुमच्या मुलीचं उत्तर चुकलं याचं वाईट वाटून घेऊ नका, ते अतिशय शहाणं चुकीचं उत्तर आहे, तिने आत्तापर्यंत शिकलेला नियम लावला की चार तिनापेक्षा मोठे. ११ व्हिडिओंनी तो नियम हलवला नाही कारण व्हिडिओत समजावणारा माणूसच सगळं काम करतो, तो छान गोल काढतो, रंग भरतो, आपण मान डोलावतो आणि कळलं असं वाटतं. वाटतं, कळलेलं नसतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी एक प्रयोग केला होता, त्यात एक उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी आणि एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणारे विद्यार्थी यांची तुलना होती, पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. व्हिडिओ संपल्या संपल्या तुमची मुलगी "झालं" म्हणते ना, ते त्या पाचव्या मिनिटाचं "झालं" आहे.

तर असं करा. कागदाच्या दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या कापा. एक घडी घालून तिचे चार भाग करायला सांगा, ते सोपं जातं, अर्धा आणि परत अर्धा. मग दुसरीचे तीन भाग करायला सांगा आणि गप्प बसा. तिला ते पटकन जमणार नाही, तीन सारख्या घड्या घालणं मोठ्यांनाही पटकन जमत नाही, ती खटपट करेल, एक भाग मोठा होईल, परत उलगडेल. या खटपटीत तिच्या हाताला कळतं की भाग कमी पाडायचे तर प्रत्येक भाग मोठा ठेवावा लागतो. मग एकेक भाग शेजारी शेजारी ठेवायचा. त्यानंतर, हे सगळं झाल्यावर, फेट (PhET) या विज्ञान-गणिताच्या साइटवरचं अपूर्णांकांच्या ओळखीचं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर हाताळून बघायचा प्रयोग, उघडा, त्यात छेद वाढवला की तुकडे बारीक होताना दिसतात, आणि तिला आधी अंदाज करायला लावा, आता पाच केले तर तुकडा लहान होईल की मोठा, मग बटण दाब. बटण आधी आणि अंदाज नंतर झाला की तो गेम होतो, एवढाच फरक आहे पण सगळा फरक तोच आहे.

गणितासाठी मुख्य साइट म्हणून खान अकॅडमी धरा, दुसरी शोधायच्या भानगडीत पडू नका. २००४ मध्ये सलमान खान (तो नाही हो, अमेरिकेतला हेज फंडात काम करणारा) नात्यातल्या एका मुलीला फोनवर गणित शिकवायला लागला, त्यातून पुढे २००८ मध्ये ही ना-नफा संस्था उभी राहिली. व्हिडिओंमुळे गाजली, पण माझ्या मते तिचा खरा उपयोग सरावाच्या गणितांत आहे. उलटं वापरा. आधी गणितं सोडवायला द्यायची, अडली की मगच त्या मुद्द्याचा व्हिडिओ. आणि व्हिडिओ नुसता चालू ठेवला तरी तिथे पॉइंट्स मिळतात, हे मुलांना आपल्या आधी कळतं! भाचीने एकदा एका दुपारी इतके पॉइंट्स कमावले की मी खूश होऊन आईला फोन केला, नंतर कळलं की बाईसाहेब व्हिडिओ लावून पलंगावर चित्र काढत होत्या. पालकांचं वेगळं अकाउंट काढून मुलाचं जोडता येतं, कुठलं गणित बरोबर आलं कुठलं नाही ते तिथे दिसतं, पॉइंट्सकडे न बघता ते बघा.

एक सावधगिरी. तिथली इयत्तांची मूळ मांडणी अमेरिकेची आहे, तुमच्या बोर्डाच्या इयत्तेशी ती जुळेलच असं नाही, त्यामुळे "माझी पाचवीची मुलगी चौथीत अडकली" असलं काही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या बोर्डाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका घ्या, बहुतेक बोर्डांची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट असतात, ती भिंतीला चिकटवा, आणि त्यातला धडा शोधून तेवढाच भाग उघडा. शब्दांच्या गणितांत इंच, पाउंड, फॅरनहाइट येतं, मुलं तिथे गणितामुळे नाही तर "क्वार्टर म्हणजे काय" इथे अडतात. आकड्यांचे स्वल्पविरामही वेगळ्या जागी असतात, आपण पाच लाख ५,००,००० असे लिहितो, तिथे तोच आकडा ५००,००० असा दिसतो. हे आधीच एकदा बसून दाखवून टाका, नाहीतर हुशार पोरगी आपल्याला मोठ्या संख्या येत नाहीत असं धरून बसते.

आणि खानचा सराव एकसुरी होतो तेव्हा, आठवड्यातून एकदाच, एनरिच बघा, केंब्रिज विद्यापीठाचा प्रकल्प आहे, १९९६ पासून चालू. तिथे गणितं नसतात, कोडी असतात म्हणा, सुरुवात कुणालाही करता येते आणि शेवट कुठवर न्यायचा ते आपल्यावर. एक कोडं घेऊन तुम्ही तिघं जण बसा, आणि कृपा करून तुम्ही आधी उत्तर बघून ठेवू नका, आईलाही येत नाहीये हे बघण्यात मुलांना फार मजा येते. मुलगी मोठी झाली की जिओजेब्रा आणि डेसमॉस, भूमिती आणि आलेखांसाठी, पण ते तीनेक वर्षांनी.

विज्ञानात फेटच मुख्य ठेवा. कार्ल वीमन म्हणून भौतिकशास्त्रज्ञ आहेत, २००१ चं नोबेल मिळालेले, त्यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठात हे सुरू केलं. बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, आणि एकदा डाउनलोड केली की इंटरनेट नसतानाही चालतात. त्यातलं विजेच्या सर्किटचं एक आहे, बॅटरी, वायर, बल्ब ओढून आणायचे आणि जोडायचे. भाचीने पहिल्याच दिवशी बॅटरीच्या दोन्ही टोकांना सरळ वायर लावली आणि बॅटरीने पेट घेतला, स्क्रीनवर ज्वाळा! ती घाबरली, मग परत केलं, मग बल्ब मध्ये टाकला तर आग विझली, मग दोन बल्ब, मग एका बल्बला बाजूने वळसा घालून वायर जोडली तर तेवढाच विझला. अर्धा तास मी एक शब्द बोलले नाही आणि शॉर्ट सर्किट म्हणजे काय ते तिला आजन्म कळलं. मग आम्ही खरा टॉर्चचा सेल, छोटा बल्ब आणि वायर घेऊन बसलो (शॉर्ट सर्किट सोडून बाकीचं), आणि खरा बल्ब लागेना, कारण वायर नीट टेकत नव्हती. सिम्युलेशनमध्ये वायर नेहमी नीट टेकते. हे तिच्या लक्षात आणून द्यायची मला गरजच पडली नाही, तीच वैतागून म्हणाली की कॉम्प्युटरमधलं खोटं आहे. मोठं शिक्षण झालं ते.

म्हणूनच दुसरी साइट अरविंद गुप्तांची. टाकाऊ वस्तूंमधून खेळणी, शेकडो, आणि मराठीतली भरपूर पुस्तकंही तिथे फुकट वाचायला आहेत. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घ्या, त्रिकोण करा, चौकोन करा. चौकोन बोटाने दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. तुमच्या ७ वर्षांच्या मुलाला हे दिलंत तर तास-दीड तास कुठे गेला कळणार नाही, आणि मग पूल किंवा विजेचे टॉवर बघितले की त्यात त्रिकोण मोजत बसेल. यात स्क्रीनवर गेलेला वेळ किती? पाच मिनिटं, कसं करायचं ते बघायला. सासूबाईंना याच कामाला शेजारी बसवा, त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे, पण त्यावर उत्तर स्क्रीन बंद करणं हे नाही, स्क्रीनवर जे बघितलं ते हातात आणणं हे आहे.

भाषेचा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलात, मला तो सगळ्यात मोठा वाटतो. इंग्रजी व्हिडिओ कळला नाही की मूल म्हणतं विज्ञान अवघड आहे, भाषा अवघड आहे असं म्हणत नाही. म्हणून संकल्पना आधी मराठीत, तुमच्या तोंडून, मग त्याच संकल्पनेचा इंग्रजी व्हिडिओ, तोही थांबवत थांबवत. एक वही करा, डावीकडे अंश, छेद, गुरुत्वाकर्षण, बाष्पीभवन, उजवीकडे साइटवर दिसलेला शब्द. माझ्या भाचीची ती वही अजून आहे. आणि वाचनासाठी स्टोरीवीव्हर, प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेली, सचित्र गोष्टी, वाचनाच्या पातळ्या लावलेल्या, मराठीत भरपूर. तीच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे तीच चित्रं, असं बऱ्याच गोष्टींचं सापडतं. धाकट्याला आधी मराठीत वाचून दाखवा, दुसऱ्या दिवशी इंग्रजी उघडा, अर्थ माहीत असल्याने तो शब्दांवर हल्ला करतो. डाउनलोड करून छापताही येतात. मुलगी इंग्रजीत थोडी पुढे गेली की लिब्रिवॉक्सवर ऐकायची पुस्तकं आहेत, स्वयंसेवकांनी वाचलेली, काहींचे आवाज फार गोड आहेत आणि काही अगदीच कंटाळवाणे, दोन मिनिटं ऐकून ठरवा. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर तीच जुनी पुस्तकं वाचायला मिळतात, मायकेल हार्टने १९७१ मध्ये एक मजकूर टाइप करून याची सुरुवात केली होती, आज ७० हजारांच्या वर पुस्तकं आहेत, पण भाषा जुनी आहे, घाई नको.

लिहिण्यासाठी साइट शोधूच नका. मी शोधल्या, सगळ्या बघितल्या, मुलाचं वाक्य वाचून "इथे मला कळलं नाही, नक्की काय झालं?" असं विचारणारं माणूसच लागतं. ते तुम्ही.

इतिहास आणि समाजशास्त्र, इथे मी तुम्हाला निराश करणार. फ्री साइट्सचा हा सगळ्यात कच्चा विषय, कारण ज्या देशात साइट बनली त्या देशाचा इतिहास तिथे असतो, अमेरिकेची यादवी तुमच्या मुलांना पाठ होईल आणि आपल्या गावची वेस कुणी बांधली ते माहीत नसेल. यासाठी बोर्डाचं पुस्तक, घरातली म्हातारी माणसं आणि जवळ असेल ते वाचनालय. साइट्सचा उपयोग वस्तू बघायला करा, स्मिथसोनियनने २०२० मध्ये २८ लाख चित्रं आणि त्रिमिती मॉडेल्स कुणालाही वापरायला खुली केली, एखादी वस्तू उघडायची आणि विचारायचं, ही कशाला वापरत असतील? खालचं वर्णन नंतर वाचायचं. मराठी विश्वकोशही ऑनलाइन फुकट आहे, भाषा जड आहे पण तुम्ही वाचून मुलांना सांगायला उत्तम. आणि मुलगी अजून दोन वर्षांनी मोठी झाली की विकिपीडियावर एकाच विषयाचा मराठी लेख आणि इंग्रजी लेख शेजारी उघडायचे, काय एकात आहे आणि दुसऱ्यात नाही ते शोधायचं, आणि वरती "इतिहास" म्हणून टॅब असतो त्यात लेख कुणी कधी बदलला ते दिसतं. पुस्तकात छापलंय म्हणजे खरंच असणार, ही समजूत त्या एका टॅबने जाते.

कोडिंगसाठी स्क्रॅच, एमआयटीत बनलेलं, २००७ पासून आहे, मुलीला चालेल, धाकट्याला स्क्रॅचज्युनिअर. दुसऱ्याने बनवलेले गेम नुसते खेळत बसायची सोयही तिथेच आहे, त्यावर लक्ष असू द्या. संगीतासाठी क्रोम म्युझिक लॅब, गंमत म्हणून ठीक, शिकवणी नाही.

आता नवऱ्याचं म्हणणं. फुकट म्हणजे वाईट हे चुकलंच, मी वर घेतलेली बहुतेक नावं विद्यापीठांची किंवा ना-नफा संस्थांची आहेत, त्यांचा खर्च देणग्या आणि अनुदानांवर चालतो. पण त्यांच्या बोलण्यातला एक भाग धरून ठेवा, फुकट म्हणजे कसं फुकट हे विचारायलाच हवं. काही साइट्स जाहिरातींवर चालतात, मग मुलाचं लक्ष हाच माल. काहींचा पहिला मजला फुकट आणि जिना पैशांचा, डुओलिंगोसारखं, तिथे फुकटात बरंच होतं पण मध्ये मध्ये जाहिराती आणि पैसे भरा म्हणून आठवणी. आणि काही "सात दिवस फ्री" म्हणून कार्डाचा नंबर मागतात. मी अशाच एकीला नंबर दिला होता, आठव्या दिवशी विसरले, तीन महिने पैसे कापले जात होते आणि कॅन्सलचं बटण कुठे दडवलं होतं ते सापडायला एक रविवार गेला. कार्ड मागितलं की टॅब बंद, एवढा एक नियम घरात करा. आणि पैसे भरून कोर्स घेतलात तरी मुलगी त्यातही व्हिडिओ लावून "झालं" म्हणणारच आहे, हे त्यांना सांगा. तोच पैसा मायक्रोस्कोप किंवा चांगली पुस्तकं यावर गेला तर माझी काही हरकत नाही.

अकाउंट काढताना मुलांची जन्मतारीख खोटी टाकू नका, सगळे टाकतात म्हणून सांगते. अमेरिकेत १९९८ चा कायदा आहे, १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची परवानगी लागते, म्हणून त्या साइट्स पालकांचा ईमेल मागतात. वय वाढवून टाकलं की मूल मोठ्यांच्या सेटिंगमध्ये जातं. फेटला तर अकाउंटच लागत नाही. व्हिडिओ यूट्यूबवर बघत असाल तर ऑटोप्ले बंद करा, अपूर्णांकांनंतर तिसरा व्हिडिओ कशाचा येतो ते कधीतरी शेजारी बसून बघाच. नेटचा भरवसा नसेल किंवा मुलांना मोकळ्या इंटरनेटवर सोडायचं नसेल तर किविक्स या अ‍ॅपवर विकिपीडिया डाउनलोड करून ठेवता येतो, आणि कोलिब्री या अ‍ॅपमध्ये खान आणि फेटचं बरंच साहित्य नेट नसताना चालतं. सेटअपला एक संध्याकाळ जाते, हे काम नवऱ्याला द्या, म्हणजे त्यांचाही हात लागेल.

वेळापत्रकाचं म्हणाल तर शाळेचे सहा तास घरी आणू नका. शाळेत तीस-चाळीस मुलं, हजेरी, रांगा, वह्या गोळा करणं यात किती वेळ जातो ते आठवा. समोरासमोर एका मुलाबरोबर दोन ते अडीच तास खरं काम झालं तरी या वयाला भरपूर आहे. गणित आणि वाचन रोज, बाकीचं आलटून पालटून, आणि विज्ञानाला आठवड्यातून एक अख्खी सकाळ मोकळी, कारण वायर टेकत नाही त्याला वेळ लागतो. रात्रीची शोधाशोध बंद, रविवारी एक तास पूर्ण आठवड्याचं बघून ठेवायचं. रोज संध्याकाळी स्क्रीन बंद करून मुलीने धाकट्याला पाच मिनिटं काहीतरी समजावायचं, तो काय सोडणार नाही तिला, "का पण?" विचारून भंडावून सोडेल, आणि दोघांनी आपापल्या वहीत तारीख घालून तीन ओळी लिहायच्या. या वह्या जपा. घरी शिकवण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, जर्मनीत तर मुलांना शाळेत घालणं सक्तीचं आहे, अमेरिकेत सगळ्या राज्यांत घरी शिकवायला परवानगी आहे पण अटी वेगवेगळ्या, तुमच्याकडे नोंदणी लागते का, पुढे परीक्षा बाहेरून देता येते का, हे साइट्सच्या आधी बघायचं काम आहे आणि पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही म्हणून जरा काळजी वाटली. याच आठवड्यात विचारून घ्या. उद्या कुणी काय शिकवलंत म्हणून विचारलं तर पॉइंट्स दाखवून भागत नाही, तारखा घातलेल्या वह्या दाखवता येतात.

राहिला चंद्र. पोराला सांगा की तुझा प्रश्न मी विसरले नव्हते, चल आता. स्टेलेरियम उघडा, स्क्रीनवरचं आकाश म्हणा, ब्राउझरमध्येच चालतं, फुकट, आपलं ठिकाण टाकायचं आणि वेळ पुढे सरकवत जायचं, चंद्र कधी उगवतो कधी मावळतो ते त्यालाच कागदावर लिहू द्या, सलग पाच-सहा तारखांचं. रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतोय हे त्यालाच दिसेल, आणि मग दिवसा कधी दिसेल याचा अंदाज तोच करेल. पौर्णिमा झाली की तीन-चार दिवसांनी सकाळी सातच्या सुमाराला पश्चिमेकडे बघायचं, सूर्य पूर्वेला वर आलेला असतो आणि चंद्र अजून मावळलेला नसतो. त्याने चित्र काढायचं, उजेड कुठल्या बाजूला आहे ते नीट बघून. ढग आले तर दुसऱ्या दिवशी, पण दुसऱ्या दिवशी चंद्र जरा वर असेल, ते त्याला आधी सांगू नका.